बीसीआर-एबीएलचा आकडा वाढला म्हणजे गोळी निकामी झाली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग, आहे. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची गोळी सुरू होऊन १५ महिने झाले. बाराव्या महिन्यात मुंबईच्या लॅबचा बीसीआर-एबीएलचा, म्हणजे किती आजार उरला हे सांगणारा, रिपोर्ट ०.०८ टक्के आला. पंधराव्या महिन्यात प्रवास वाचावा म्हणून जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या लॅबकडे रक्त दिलं, तिथे ०.३१ टक्के आले. घाबरून फिश चाचणी केली, ती शून्य. तिन्हींत खरा रिपोर्ट कुठला, आणि आता गोळी बदलायची का?

आधी उत्तर देतो, कारण तुमची झोप उडालेली असणार. या तीन कागदांवरून गोळी बदलू नका, आणि बंद तर अजिबात करू नका. पण ०.३१ हा आकडा कपाटात ठेवून विसरण्यासारखाही नाही. चार ते सहा आठवड्यांत, पहिल्याच लॅबमध्ये, नीट घेतलेल्या रक्तावर चाचणी पुन्हा व्हायला हवी. तोपर्यंत गोळी रोज, ठरल्या वेळी.

आता कारणं. बीसीआर-एबीएलचा टक्का हिमोग्लोबिनसारखा नसतो. हिमोग्लोबिन पुण्यात मोजा की परभणीत, फरक थोडाच पडतो. बीसीआर-एबीएलचा आकडा मात्र रक्त आणि लॅब या दोघांचा मिळून बनतो. तो कसा बनतो हे कळलं की निम्मी भीती जाते.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात. आखूड झालेलं २२ क्रमांकाचं गुणसूत्र नोवेल आणि हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पाहिलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या जोडणीत ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआर जनुकाला जाऊन भिडतं आणि एक नवं, कधीच न थांबणारं एन्झाइम तयार होतं. इमॅटिनिब त्याच एन्झाइमच्या खाचेत बसून त्याला गप्प करतं. बिघडलेल्या पेशी या जोडजनुकाच्या आरएनए प्रती बनवत असतात, आणि आपली चाचणी, म्हणजे पीसीआर, त्या प्रतीच मोजते.

मोजायचं कसं, ते पाहू. नुसत्या बीसीआर-एबीएलच्या प्रती मोजून भागत नाही, कारण एका नळीतून भरपूर आरएनए निघतो, दुसरीतून कमी. म्हणून प्रत्येक पेशीत असणाऱ्या एखाद्या जनुकाच्या प्रतीही मोजतात. बहुतेक लॅब त्यासाठी एबीएलच घेतात. बीसीआर-एबीएलला एबीएलने भागून शंभराने गुणलं की लॅबचा कच्चा टक्का मिळतो. हा कच्चा टक्का प्रत्येक लॅबचा वेगळा येतो. आरएनए काढायची पद्धत, त्याचं डीएनएत रूपांतर करणारं एन्झाइम, किट, यंत्र, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून इंटरनॅशनल स्केल आलं. आयरिस या मोठ्या इमॅटिनिब अभ्यासातल्या ३० नव्या रुग्णांची उपचाराआधीची मध्यम पातळी १०० टक्के धरली आणि तिच्या हजाराव्या हिश्शाला, म्हणजे ०.१ टक्क्याला, मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हटलं. या मापावर यायला प्रत्येक लॅबला स्वतःचा गुणक काढावा लागतो. तो संदर्भ लॅबशी नमुने अदलाबदल करून किंवा प्रमाणित संदर्भ नमुने चालवून मिळतो, आणि अधूनमधून पुन्हा तपासावा लागतो.

तुम्ही पाठवलेल्या दोन कागदांवर हेच लावून बघा. पहिल्या कागदावर बीसीआर-एबीएलच्या ४८ प्रती, एबीएलच्या ५०,००० प्रती, गुणक ०.८३, आणि शेवटी ‘आयएस’, म्हणजे इंटरनॅशनल स्केल, असं लिहिलं आहे. ४८ भागिले ५०,००० म्हणजे ०.०९६ टक्के, त्याला ०.८३ ने गुणलं की ०.०८. हिशेब जुळतो. दुसऱ्या कागदावर ३१ प्रती आणि १०,००० प्रती, गुणोत्तर ०.३१ टक्के. आयएस कुठेच नाही, गुणकही नाही. म्हणजे हा कच्चा टक्का आहे. समजा त्या लॅबचा गुणक ०.४ असेल, तर खरा आकडा ०.१२ होतो. गुणक १.२ असेल तर ०.३७. या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कागदावरून कुठली खरी ते ठरत नाही. त्या लॅबला फोन करून एवढंच विचारा: तुमचा इंटरनॅशनल स्केलचा गुणक किती आणि तो शेवटचा कधी तपासला? सरळ उत्तर मिळालं नाही, तर त्या आकड्याला उपचाराच्या निर्णयात जागा देऊ नका.

दुसरी गोष्ट, ३१ प्रती म्हणजे फारच थोड्या. इतक्या कमी प्रती मोजताना नशिबाचा भाग येतो. मूठभर तांदळात चार खडे असले तर प्रत्येक मुठीत चारच येतील असं नाही, तसंच. त्याच नळीवर चाचणी पुन्हा केली तर २२ येतील किंवा ४० येतील, आणि लॅबची काही चूक नसेल. म्हणूनच या पातळीवर दुप्पट-तिप्पट चढउतार एकाच लॅबमध्येही दिसतात. तोच आकडा दहापट चढला, किंवा सलग दोनदा चढतच गेला, तर ती बाब वेगळी.

फिशबद्दल स्पष्टच सांगतो, या टप्प्यावर तिच्यावर केलेला खर्च वाया गेला. फिशमध्ये रंगीत प्रोब लावून साधारण २०० पेशींची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दोनशेत एकही सापडली नाही, म्हणजे आजार ढोबळमानाने एका टक्क्याच्या खाली आहे, इतकंच कळतं. ०.०८ असो की ०.३१, फिश दोन्हींत शून्यच येणार. तिन्ही रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात नाहीत. फिशची जागा निदानाच्या वेळी आहे, आणि पुढे जिथे पीसीआर लागू पडत नाही अशा रुग्णांत आहे.

आता रक्ताच्या नळीकडे वळू, कारण सर्वांत जास्त गडबड तिथे होते आणि तिचा दोष शेवटी औषधावर येतो.

नळी जांभळ्या टोपणाची, म्हणजे ईडीटीएची हवी. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपारिन पीसीआरचं एन्झाइम अडवतं. बोन मॅरोवर गुणसूत्रांची चाचणी करायची असते तेव्हा मात्र हिरवी नळीच लागते, कारण तिथे पेशी जिवंत वाढवायच्या असतात. एकाच दिवशी दोन्ही चाचण्या असतील तर नळ्यांची अदलाबदल होते. म्हणून नळीवर नावाबरोबर चाचणीचं नावही लिहून घ्या. रक्त किती घ्यायचं? निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असतात, तेव्हा ३ मिली पुरतात. उपचारानंतर त्या ५,००० वर येतात. ५,००० पेशींच्या हिशेबाने १० मिली रक्तात सुमारे ५ कोटी पांढऱ्या पेशी असतात, आणि अगदी थोडा उरलेला आजार शोधायला एवढ्या तरी लागतातच. आपल्याकडे मिळणारी नळी बहुधा ३ मिलीची असते, तेव्हा चार नळ्या भरून द्या. जीनएक्सपर्ट या स्वयंचलित पीसीआर यंत्राच्या कार्ट्रिजला ४ मिली चालतं, पण तेही जेमतेम भरलेल्या नळीतून नको. नळी खुणेपर्यंत भरायची आणि लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची. झटकायची नाही. गुठळी झाली की पांढऱ्या पेशी तिच्यात अडकतात.

आरएनए हा फार नाजूक पदार्थ. त्याला तोडणारी एन्झाइमं रक्तात, हाताच्या कातडीवर, टेबलावर, सगळीकडे असतात. रक्त २४ तासांत लॅबमध्ये पोचलं तर उत्तम, ४८ तास चालतात, ७२ नंतर काय मिळेल याचा भरवसा नसतो. २ ते ८ अंश तापमान ठेवा, पण नळी बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कापड किंवा थर्माकोल असू द्या. आणि रक्त कधीही गोठवू नका. गोठलेलं रक्त वितळताना पेशी फुटतात आणि आरएनएचा चुराडा होतो. विदर्भ-मराठवाड्यातून मे महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरने निघालेली नळी सोमवारी मुंबईत उघडली, तर तिच्यात काय उरलं असेल याची कल्पना करा. रक्त सोमवार ते बुधवार या दिवसांतच द्या. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या आधी बघून घ्या.

लॅबमध्ये पुढे काय होतं तेही थोडक्यात. अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने लाल पेशी फोडून टाकतात, सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे जोरात फिरवून, पांढऱ्या पेशींचा गोळा खाली बसवतात. हा गोळा गुलाबी राहिला तर पुन्हा धुवावा लागतो, कारण हिमोग्लोबिनही पीसीआरला अडवतं. मग ट्रायझॉल या रसायनाने किंवा गाळणीसारख्या कॉलमने आरएनए काढतात. तो शुद्ध आहे का हे बघायला प्रकाश किती शोषला जातो ते मोजतात, २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर १.८ ते २.१ च्या दरम्यान असावं. साधारण एक मायक्रोग्रॅम आरएनए घेऊन त्याचा पूरक डीएनए बनवतात. सर्व पायऱ्यांत सर्वांत लहरी पायरी हीच, इथेच दोन लॅबमधला बहुतांश फरक जन्माला येतो. शेवटी रिअल-टाइम पीसीआर. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, त्यामुळे दहापट फरक म्हणजे ३.३ फेऱ्या. ज्ञात प्रतींच्या प्लास्मिडची, म्हणजे डीएनएच्या तयार कड्यांची, प्रमाणरेषा बरोबर चालवतात. तिचा उतार उणे ३.३ च्या आसपास असला तर यंत्रणा नीट चालली, उणे ३.९ वगैरे आला तर पूर्ण प्लेट रद्द करावी. नमुना निदान दोन खणांत चालतो, आणि एका खणात नुसतं पाणी असतं. त्या पाण्याच्या खणात बीसीआर-एबीएल उगवलं, तर लॅबमध्ये भेसळ झाली आहे आणि त्या दिवसाचे सगळे कमी आकडे संशयास्पद ठरतात. आदल्या प्लेटच्या कोट्यवधी प्रती हवेतून उडून नव्या नळीत पडतात. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये आरएनए काढायची, मिश्रण बनवायची आणि पीसीआरची जागा अशा तीन वेगळ्या खोल्या असतात, आणि माणसं व पिपेट उलट दिशेने जात नाहीत.

रिपोर्ट हातात आल्यावर बहुतेक जण टक्का पाहतात. मी आधी एबीएलच्या प्रती पाहतो. नमुना किती चांगला होता याची साक्ष तोच आकडा देतो. १०,००० च्या खाली असेल तर खोल, म्हणजे फार कमी, पातळीबद्दल काहीच बोलता येत नाही. एमआर म्हणजे मॉलिक्युलर रिस्पॉन्स, पुढचा आकडा जितका मोठा तितका आजार कमी. एमआर४, म्हणजे ०.०१ टक्के, म्हणायला किमान १०,००० प्रती लागतात. एमआर४.५, म्हणजे ०.००३२ टक्के, म्हणायला ३२,०००, आणि एमआर५ ला एक लाख. आता समजा रिपोर्ट म्हणतो ‘बीसीआर-एबीएल आढळले नाही’ आणि एबीएल ४,०००. चार हजारांत एकसुद्धा सापडली नाही म्हणजे आजार साधारण ०.०२५ टक्क्यांच्या खाली असेल, त्यापलीकडे काही नाही. पेढे वाटायच्या आधी ही ओळ वाचा. एबीएल छापतच नसलेल्या लॅबकडून ती संख्या मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक सापळा आहे, तो जास्त धोकादायक, कारण तो खोटा दिलासा देतो. बीसीआर-एबीएलची जोडणी सगळ्यांत एकाच ठिकाणी होत नाही. सीएमएलच्या बहुसंख्य रुग्णांत ई१३ए२ किंवा ई१४ए२ हा जोडणीचा प्रकार असतो, जुन्या रिपोर्टांत त्यांनाच बी२ए२ आणि बी३ए२ म्हणत. दोन्हींतून पी२१० प्रथिन बनतं. पण थोड्या रुग्णांत ई१ए२ म्हणजे पी१९० असतं, क्वचित ई१९ए२ म्हणजे पी२३०, आणि कधी ई१३ए३सारखा प्रकार, ज्यात चाचणीचा नेहमीचा प्रायमर, म्हणजे प्रत शोधणारा छोटा तुकडा, चिकटण्याची जागाच गळालेली असते. अशा रुग्णावर पी२१० चं किट चालवलं की उत्तर येतं, ‘आढळले नाही’. आजार तसाच असतो. म्हणून निदानाच्या वेळच्या रिपोर्टात जोडणीचा प्रकार लिहिलेला आहे का, हे आजच शोधा. नसेल आणि तेव्हाचं आरएनए लॅबने राखलं असेल, तर त्यावर करून घ्या. आजार फार कमी झाल्यावर हा प्रकार ओळखणं अवघड होत जातं. तुमच्या भावाच्या बाबतीत पी२१० च्या चाचणीत आकडा येतो आहे, म्हणजे ही काळजी नाही. पण फाइलमध्ये नोंद असू द्या.

जाता जाता, निदानाच्या वेळच्या आकड्याबद्दल. तो कुणाचा ४५ असतो, कुणाचा १२०, आणि लोक त्यावरून आजार किती पसरला ते ठरवू पाहतात. एबीएल भाजकात घेतलं की जोडजनुकातलं एबीएलसुद्धा त्यात मोजलं जातं, त्यामुळे १० टक्क्यांच्या वर हे माप दबलेलं असतं. ४५ आणि ९० मध्ये फारसा अर्थ शोधू नका.

मैलाचे दगड असे. युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०२० च्या शिफारशींनुसार तिसऱ्या महिन्यात १० टक्के किंवा कमी, सहाव्यात १ टक्का किंवा कमी, बाराव्यात ०.१ टक्का किंवा कमी, म्हणजे गाडी रुळावर आहे. बाराव्या महिन्यात १ टक्क्याच्या वर असेल तर ते अपयश. ०.१ ते १ च्या मध्ये असेल तर ‘इशारा’, म्हणजे लक्ष ठेवा, कारण शोधा, पुन्हा मोजा. तुमच्या भावाने बाराव्या महिन्याचा टप्पा गाठला होता, ही चांगली गोष्ट. दुसऱ्या लॅबचा ०.३१ खरा आयएस निघाला, तरी तो इशाऱ्याच्या घरात आहे, अपयशाच्या नाही.

पुन्हा चाचणीला रक्त द्यायच्या आधी घरात बसून एक हिशेब करा. मागच्या तीन महिन्यांत किती गोळ्या विकत घेतल्या आणि पाकिटात किती उरल्या? आकडा चढण्याचं सर्वांत नेहमीचं कारण चुकलेल्या गोळ्या हेच असतं. मळमळ, पायात गोळे येणं, डोळ्यांभोवती सूज यांमुळे माणूस आठवड्यातून एक-दोन गोळ्या गाळतो आणि रागावतील म्हणून सांगत नाही. भावाला रागावू नका, नुसतं मोजा. गोळी पोटभर जेवणानंतर मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर घेतली की मळमळ बरीच कमी होते. मग इतर औषधं बघा. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं असेल, तर ते इमॅटिनिबची रक्तातली मात्रा जवळजवळ पाऊण हिश्शाने खाली आणतं. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्याही तेच करतात. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी आहे, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा. पण अशी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. काढे-चूर्णं चालू असतील तर तीही पिशवीत घालून न्या.

म्युटेशनची चाचणी आत्ताच करायची का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. अजून नाही. एबीएलच्या खाचेत बदल झाला की गोळी तिथे बसत नाही. टी३१५आय हा त्यांतला कुप्रसिद्ध बदल, तो असेल तर इमॅटिनिब आणि त्याच्याच जातीच्या डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब या गोळ्यांपैकी काहीच चालत नाही, पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबचा विचार करावा लागतो. वाय२५३एच किंवा एफ३५९व्ही असेल तर निलोटिनिब टाळतात, एफ३१७एल असेल तर डॅसाटिनिब. म्हणजे पुढची गोळी निवडायला ही चाचणी मोलाची आहे. पण तिच्यात आधी जोडजनुकाचा लांब तुकडा वाढवून घ्यावा लागतो, आणि ०.१-०.३ टक्क्यांवर तो बऱ्याचदा वाढतच नाही. शिवाय जनुकाचा क्रम वाचायच्या जुन्या सँगर पद्धतीला बदललेल्या प्रतींचा हिस्सा १५-२० टक्के असल्याशिवाय तो दिसत नाही. एनजीएस या नव्या पद्धतीला ३ टक्क्यांपर्यंत दिसतो. इतक्या कमी पातळीवर केलेल्या चाचणीतला ‘म्युटेशन नाही’ हा शब्द फसवा असू शकतो.

आता पुढच्या नळीचं. फॉर्मवर लिहून द्या: इमॅटिनिब ४०० कधीपासून, जोडणीचा प्रकार, मागचा आकडा ०.०८ आयएस, आणि ‘एबीएल प्रतींसह आयएस रिपोर्ट हवा’. रक्तच द्या, बोन मॅरो नको, कारण मागचा आकडाही रक्ताचाच आहे. उत्तर ०.१ किंवा खाली आलं, तर काहीच बदलायचं नाही, दर तीन महिन्यांनी याच लॅबमध्ये जायचं. ०.१ ते १ च्या मध्ये आलं आणि गोळ्या खरोखर चुकलेल्या निघाल्या, तर सलग सहा ते आठ आठवडे एकही न चुकवता घेऊन पुन्हा मोजायचं. गोळ्या चुकल्या नसतील आणि आकडा पुन्हा चढलेला असेल, तर त्याच नमुन्यावर म्युटेशनची चाचणी करता येईल का, हे लॅबला विचारायचं, म्हणजे पुन्हा सुई टोचावी लागणार नाही. आणि १ च्या वर गेला, तर वाट न पाहता त्याच आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञांकडे जायचं, आत्तापर्यंतचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून.